शिडीचा ताबा

सकाळी उठून घड्याळजींनी दाढी केली, दूध तापवले आणि दार उघडताच जिन्यातला दिवा गेल्याचे त्यांच्या ध्यानात आले. घरची शिडी खालच्या मजल्यावर, धाकट्या भावाकडे होती.

"अहो, भावजींना हाक मारा ना," बायको म्हणाली.

हाक मारायला त्यांनी तोंड उघडले, तोच समोरच्या वकील-कचेरीची पाटी दिसली : 'सर्व कायदेशीर सेवा एकाच छताखाली. बोलण्यापूर्वी आम्हाला भेटा.' घड्याळजी नियमाने चालणारे गृहस्थ. ते भेटायला गेले.

मालमत्तेच्या टेबलावरच्या वकीलबाईंनी गंभीरपणे विचारले, "शिडी मूळची कोणाची?"

"वडिलांची."

"मग वारसाहक्क. पुढचं टेबल."

पुढच्या टेबलावरचे वकील म्हणाले, "वडील शिडीबाबत काही बोलले होते?"

"'पडशील' म्हणाले होते."

वकिलांनी ती वडिलांची अंतिम इच्छा म्हणून टिपून घेतली.

फौजदारीच्या टेबलावर उत्साह अधिक होता. "परत देत नाही? सरळ अपहार!"

"अहो, मी अजून मागितलीच नाही."

"उत्तम! मागूच नका. प्रतिपक्षाशी एक अक्षर बोलायचं नाही."

"पण संध्याकाळी आम्ही बुद्धिबळ खेळतो."

"खेळा. फक्त 'शह' म्हणू नका, धमकी ठरेल."

त्या संध्याकाळी डाव मुक्यानेच झाला. नवल म्हणजे, धाकटाही तोंडातून ब्र काढीना. पुढे पुढे डावही बंद पडला. अंधाऱ्या जिन्यात बायकोचा पाय मुरगळला, तेव्हा अपघाताच्या टेबलाने तत्परतेने तिचे वकीलपत्र घेतले, नवऱ्याविरुद्ध. शिडी 'वादग्रस्त वस्तू' म्हणून कचेरीच्या ताब्यात गेली.

मग एके दिवशी कचेरीत बसले असता, टेबलांमधल्या पडद्यामागून घड्याळजींना ओळखीचा खोकला ऐकू आला.

"वकीलबाई, पलीकडे माझा भाऊ आहे!"

"पडद्यापलीकडे कोण आहे, हे तुम्हाला कायद्यानं ठाऊक नाही."

घड्याळजींनी पडदा सारला. "तू इथे कशाला रे?"

"दादा, तुझी शिडी माझ्या दारात अडचण करत होती. 'घेऊन जा' म्हणून सांगायला निघालो होतो, तेवढ्यात ही पाटी दिसली."

दोघे भाऊ उठून बाहेर आले.

बाहेर त्याच शिडीवरून मुख्य वकीलसाहेब छज्ज्यावर चढले होते. नवी, दुप्पट मोठी पाटी सरळ लागली की नाही, ते जातीने पाहत होते. भावांनी शिडीचे एकेक टोक धरले, आवाज न करता ती आडवी केली आणि घराकडे चालू लागले.

"अहो! शिडी! मी उतरू कसा?"

घड्याळजींनी वळून अदबीने हात जोडले. "माफ करा साहेब. बोलायला मनाई आहे."

जिन्यात दिवा लागला. खालच्या मजल्यावरून 'शह!' अशी आरोळी उठली. वकीलसाहेब छज्ज्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत होते. तुमच्याआमच्यासारखी सुजाण माणसे खालून जात होती. मान वर करत, नवी पाटी नीट वाचत, आणि ओठ घट्ट मिटून पुढे चालू लागत.