फितूर कोणाला म्हणावं?

आमच्या बेसा भागातल्या लेआउट वस्तीत तोंडातून चुकीचा शब्द काढणं धोक्याचं, कारण शेजारी ठवरे सर राहतात. ऐन मे महिन्यात आमचा कूलर बंद पडला. मी अंगणात येऊन किंचाळलो, "गद्दार!"

कुंपणापलीकडून आवाज आला, "काहून गा? कूलर काय दुश्मनाले जाऊन मिळाला? दगा म्हण, दगा!"

सर मराठीचे निवृत्त मास्तर. बाकीची भाषा त्यांनी निवृत्तीबरोबर सोडून दिली, बेइमानीच्या शब्दांचं खातं तेवढं स्वतःकडे ठेवलं. ऐन पाहुण्यांसमोर दूध फाटलं, तर दगा. ज्याला शिकवून मोठं केलं त्या भाच्यानं लग्नाला बोलावलं नाही, तर कृतघ्नपणा. 'फितूर' या शब्दाला मात्र ते कोणाला हात लावू देत नसत.

"भारी शब्द आहे गा तो! झोपायले आपल्याकडे अन् जेवायले दुश्मनाकडे, त्याले म्हणतात फितूर. असा जन्मात एखादाच भेटते."

भेटला. म्हणजे, भेटली. सरांची मांजर, बिजली! त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी पाळलेली. काकू वारल्यापासून सरांच्या घरात जिवंत आवाज तेवढा तिचाच. एका संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात दूधपोळी चाटताना सरांनी रंगेहाथ पकडली.

"काहून वं सूनबाई, फितवलं तू माझ्या मांजरीले?"

आमची बायको कमरेवर हात ठेवून उभी. "मी काहून फितवीन, काका? तीच येऊन राहिली रोज. तुमच्याकडे गॅस तरी पेटते का?"

मी कान टवकारले. आता 'फितवणे' क्रियापदावर तासभर व्याख्यान! पण सर नुसते बिजलीकडे बघत राहिले.

बायकोनं सरांसाठी ताट वाढलं.

"मी दुश्मनाच्या घरी जेवत नसतो," सर म्हणाले आणि बसले. वांग्याच्या भाजीबरोबर चार पोळ्या खाल्ल्या.

तेव्हापासून रोज साडेसातला येतात. "बिजलीवर लक्ष ठेवा लागते," असं दारातच जाहीर करतात.

काल जेवून निघताना बिजलीला काखेत घेऊन ते फाटकापाशी थबकले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "झोपायले तिकडे, जेवायले इकडे... काय म्हणतात गा याले?"

शब्द माझ्या जिभेवर होता.

"आठवत नाही, सर," मी म्हणालो.