नाकाखालचा पुरावा

आर्नीच्या नाकाखाली बर्फाची कांडी लोंबत होती, चांगली बोटभर. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून दिवसभर गळ टाकून बसलेल्या माणसाला ती असायचीच. मासेमारीच्या स्पर्धेत पहिला आल्यामुळे त्याचा फोटो पेपरात येणार होता. हात लांबवून त्याने मासा कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरला होता, की वीतभर मासा वासराएवढा दिसावा. त्याबद्दल अमेरिकेतल्या मिनेसोटात कुणी कुणाला बोलत नाही. कांडी मात्र त्याच्या बायकोने मनाला लावून घेतली.

"व्हर्लिनभाऊजी, तेवढं नाक पुसा हो यांचं! माझ्या माहेरी पेपर जातो."

व्हर्लिन हा गावच्या साप्ताहिकाचा एकुलता एक फोटोग्राफर. फोटोत ढवळाढवळ केली की नारळ, हा संपादक लोर्नाबाईंचा नियम त्याला पाठ होता. पण गडी पडला भिडस्त. त्याने कॉम्प्युटरवर आर्नीचं नाक पुसलं.

पेपर निघाला आणि दुसरा आलेला क्लेटन तो फडकावत पंचांकडे गेला.

"उणे तीस डिग्रीत दिवसभर बसला आणि नाक कोरडं? हा तळ्यावर फिरकलाच नाही! मासा दुकानातला आहे. बक्षिसाची गाडी मला द्या!"

पंचांना ते तंतोतंत पटलं. त्या थंडीत कोरडं नाक गावात कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांनी आर्नीकडून गाडीची किल्ली काढून घेतली.

"भाऊजी, कांडी परत चिकटवा हो!"

"वहिनी, ती दुसरी ढवळाढवळ होईल."

मूळ फोटो दाखवावा तर नोकरी जाणार, न दाखवावा तर बिचाऱ्या आर्नीची गाडी. व्हर्लिनला घास गोड लागेना. शेवटी मूळ फोटो घेऊन तो लोर्नाबाईंपुढे उभा राहिला.

"नाक पुसलंस?" बाई कडाडल्या. "वाचकांना फसवलंस! आर्नीला गाडी मिळेल, तुला नारळ. या आठवड्याचा अग्रलेख मी सत्यावरच लिहिते!"

"लिहा बाई. सोबत तुमचा फोटो नेहमीचाच ना?"

"अर्थात! त्यात ठिपकासुद्धा बदललेला नाही."

"तेही खरंच. तुमच्या लग्नाआधी काढला, तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही." व्हर्लिनने कॅमेरा उचलला. "जाता जाता आजचा एक काढू?"

बाईंनी टेबलावरचा पेपर उचलून तोंडापुढे धरला.

"ठेव तो खाली," त्या म्हणाल्या, "आणि कामाला लाग."

सत्यावरचा अग्रलेख ठरल्याप्रमाणे छापून आला. फोटोशिवाय.