म्हात्रेचा मणी

आमच्या रबाळ्याच्या प्रयोगशाळेत म्हात्रे सकाळी आला की आधी चाचणीच्या पेटीत डोकं घालून विचारायचा, "काय रे, जित्ता हाय का?" हा प्रश्न आतल्या सेन्सरला असे. आम्हा माणसांची विचारपूस नंतर, वेळ उरलाच तर.

आम्ही गॅसगळती ओळखणारे सेन्सर बनवतो. आत भट्टीत भाजलेला, मुगाएवढा सिरॅमिकचा मणी असतो. गॅस लागला की तो ओळखतो आणि भोंगा वाजतो. पण खाडीची दमट, खारी हवा लागली की मण्याला बारीक चिरा जात आणि तो मुका होई. पेटीत मात्र तेच मणी ठणठणीत.

"पेटीतली हवा पावनी हाय," म्हात्रे म्हणायचा. "सभ्य वागते."

म्हणून त्याने मणी सारसोळ्याला खाडीकाठच्या आपल्या घरी नेले आणि वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी टांगले. एक मांजरीने पळवला. अहवालात त्याने सरळ लिहिलं, 'एक नमुना मांजरीने नेला. टिकाऊपणाबद्दल माहिती नाही.'

साहेबांना माल पाठवायची घाई होती.

"वॉरंटीपुरता टिकला की झालं. सही करा, म्हात्रे."

"वॉरंटी संपल्यावर लोक चूल पेटवायचं सोडतात का, सर?"

सही त्याने केली नाही. माल अडला, साहेबांनी बोलणं टाकलं. म्हात्रे भट्टीपाशी ठाण मांडून बसला. भुकटी आणखी बारीक दळायची, भट्टी सावकाश तापवायची, त्याहून सावकाश निववायची. मणी चिरला की पुन्हा पहिल्यापासून. अख्खा पावसाळा यात गेला, पण त्याच्या घरच्या पडवीत टांगलेले शेवटचे मणी चिरले नाहीत.

"एवढा हट्ट कशाला रे?" मी विचारलं.

"घरी चल," तो म्हणाला.

घरी त्याची आई एकटीच असायची. आजारपणानंतर तिला वास येईनासा झाला होता. एकदा शेगडीचं बटण चालू राहिलं, घरभर गॅस पसरला, तिला पत्ताच नाही. तेव्हापासून म्हात्रेने सिलिंडर काढून डबा लावला होता. आयुष्यभर दहा माणसांचं रांधलेली बाई नुसती बसून राहायची.

म्हात्रेने ओट्याखाली सेन्सर बसवला, लायटरचा गॅस सोडून भोंगा वाजवून दाखवला, मग सिलिंडर जोडला.

"आये, लाव शेगडी."

तिने लसणीवर सुका जवळा केला. आम्हाला वाढून समोर बसली.

"लसून करपली नाय ना रं? मला काय कलत नाय."

लसूण पार काळी झाली होती. म्हात्रेने ताट पुढे केलं.

"आजून वाढ," म्हणाला.