तळाला अडकलेला फुटबॉल

यशराज सर कोयता घेऊन अप्पांच्या उसात शिरले आणि प्रगतीला स्कूबा डायव्हिंगचं कार्ड मिळालं. पण हे घडलंच नाही, असं तूर्त धरून चालू.

मालवणात प्रगतीच्या तीन बुड्या झोकात पार पडल्या आणि चौथीच्या दिवशी समुद्र खवळला. चौथीशिवाय कार्ड नाही. मग तिनं बुड्या शिकवणाऱ्या पुण्याच्या यशराज सरांना थेट आपल्या गावी, डाळजला, उजनीच्या पाण्यावर आणलं. पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं. सरांनी हात घालून बघितला, तो मनगटापासून गायब झाला.

"नियम एकच," सर म्हणाले. "तळाशी कशालाही हात लावलास की नापास."

तेवढ्यात प्रगतीचे वडील, अप्पा, काठावर आले. दोन दिवस मोटर पाणी उचलत नव्हती आणि उसाची नवी लागण माना टाकायला लागली होती.

"सर, पोरगी खाली जातीयच, तर जरा फुटबॉल बघून येऊ द्या. घाण अडकलीया त्यात."

सर हसले. "अप्पा, फुटबॉल तरंगतो."

"आमचा न्हाय तरंगत. बारा वर्सं तळालाच हाय."

"बारा वर्षं? हवा टिकली?"

"हवा धरली की कामातनंच गेला म्हणायचा!"

सरांनी कीव आल्यासारखं बघितलं. "तळाशी फुटबॉल निघाला तर खुशाल हात लाव. तू पास, आणि वर यांचा तो पलीकडचा तयार ऊस मी तोडतो."

"अप्पा, ऐकलं न्हवं?" म्हणत प्रगतीनं मास्क चढवला.

खाली गेल्यावर सरांना आधी प्रगती दिसेना, मग स्वतःचे पाय दिसेनात. वर कुठं आणि खाली कुठं, तेही कळेना. इतक्यात कुणीतरी त्यांचं मनगट धरलं. प्रगतीच होती. अप्पांबरोबर लहानपणापासून ओढलेला मोटरचा पाइप तिला हातानं ओळखू येत होता. त्याच्या कडेकडेनं तिनं सरांना तळाला नेलं, त्यांचा हात एका लोखंडी जाळीवर ठेवला, जाळीला गुंडाळलेलं गोणपाट उपसून काढलं आणि सरांना धरून सावकाश वर आणलं.

"ते... काय होतं?"

"फुटबॉल, सर. पाइपाच्या टोकाचा. आत घेतलेलं पाणी माघारी सोडत न्हाय."

"अहो, तो फूट व्हॉल्व्ह!"

"मगापासनं त्येच म्हणतोय की मी," म्हणत अप्पांनी मोटर चालू केली. पाइपानं दोन उचक्या दिल्या आणि लागणीत मांडीएवढी धार पडली.

सरांनी साडेचार ऊस तोडले. उरलेला अर्धा प्रगतीनं तोडला. मग सरांनी तिथंच, बांधावर, तिच्या कार्डाच्या कागदावर सही केली.

आता तिला पुढच्या पायरीची परीक्षा द्यायची आहे. अप्पांचा अर्ज पाटबंधारे खात्यात पोहोचला आहे: 'कु. प्रगती हिची परीक्षा पुढील महिन्यात असून परीक्षकांस पाण्यात काही दिसत नाही. तरी उजनी जलाशयाचे पाणी तत्पूर्वी एकवार गाळून मिळावे, ही नम्र विनंती. गाळण्यासाठी लागणारे फडके अर्जदार स्वतः पुरवील.'