माशाला लागलेलं सुतक

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या घरातला मासा मांसाहारी असल्याची बाब कुटुंबाच्या निदर्शनास आली.

मासा बोटाएवढा, निळा-केशरी. बाबांनी माजघरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी करून तो पाळला होता. तो फक्त जिवंत, हलतं तेवढंच खातो. त्यासाठी मागच्या पडवीत एक पीप होतं. त्यात देवबागहून आणलेलं, उन्हाने हिरवं झालेलं समुद्राचं पाणी आणि टाचणीच्या टोकाएवढे कोपेपॉड, म्हणजे कोलंबीचे, आमच्याकडच्या सुंगटांचे, दूरचे नातलग. बाबा रोज सकाळी ते जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून टाकीत सोडायचे. त्या सकाळी फडकं मी हातात घेतलं.

"पिपात काय आसा गो?" काशिनाथकाकांनी विचारलं. हे बाबांचे धाकटे भाऊ. तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झाले, घरात अजून हजेरी घेतात.

"माशाचां खाणां. सुंगटांच्या जातीचां."

"सुंगटां? सुतकात?"

"आपल्याक नाय, काकानू. माशाक."

"मासो कोणाचो?"

"बाबांचो."

"मगे घरातलोच झालो. घरातल्याक सुतक लागता."

निर्णय तत्काळ लागू झाला. पिपावर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवण्यात आला. अक्काने, बाबांच्या मोठ्या बहिणीने, पर्यायी आहार म्हणून टाकीत वरणभाताची शितं सोडली. ती तळाशी जाऊन बसली. माशाने त्यांना तोंड लावलं नाही. त्याचं सहकार्य समाधानकारक असल्याचं काकांनी संध्याकाळी जाहीर केलं.

इतर सदस्यांचं पालनही कडक होतं. चुलतभाऊ विश्वेश रोज दुपारी दर्भ आणायला कट्टा गावच्या बाजाराला जाई आणि देखरेखीसाठी काकांना सोबत नेई. दर्भ रोज कमी पडत. परतताना दोघं बडीशेप चघळत असत आणि हातांना तळलेल्या बांगड्याचा वास असे. वासाला सुतक नसावं.

माशाचं पोट आत गेलं. चौथ्या दिवशी तो टाकीच्या एका कोपऱ्यात येऊन थांबला आणि तिथून हलेना. बाबा फडकं त्याच कोपऱ्यात झटकायचे. मी काकांकडे रीतसर दाद मागितली.

"काकानू, मासो घरातलो, तर पिपातले कोणाचे?"

"तेय दादाचेच."

"मगे तेय घरातलेच. त्यांका पिलां होतत. म्हणजे सोयर इलां."

"सोयर? कधी?"

"आज. कालय. उद्याय होतलां. आणि मरततय रोज, त्यांचां सुतक वेगळां."

काकांनी पंचांग उघडलं. प्रत्येक जन्माला आणि मृत्यूला दहा-दहा दिवस धरले, तर आमचं घर पुन्हा शुद्ध होण्याची तारीख कुठल्याच पंचांगात नव्हती. तेराव्यानंतर मासळीचं जेवण ठरलेलं होतं.

"मगे मी सांगलेली सुंगटां?" विश्वेशने विचारलं.

"शिरा पडली तुझ्या तोंडार!" अक्का कडाडली. "भाव गेलो माझो, आणि तुका सुंगटां सुचतत?" मग ती काकांकडे वळली. "पण काशी, जेवणाचां काय ता सांग तरी."

काकांनी सुधारित आदेश दिला. सदर मासा व पिपातील जीव यांचा या कुटुंबाशी कोणताही संबंध नाही आणि यापूर्वीही नव्हता.

मी वरवंटा उतरवला आणि पाणी गाळलं. मासा खाऊ लागला. बाबांसाठी घरात खरोखर उपाशी राहिलेला तो एकटाच होता, आणि नात्यातून तेवढा तोच कमी झाला होता.

मासळीच्या जेवणाला माणसं बरीच आली. त्यातलं कुणीतरी ताट हातात घेऊन टाकीपुढे थांबलं. माशाने एक कोपेपॉड टिपला.

"जिवंतच खातो?" ते माणूस कळवळून म्हणालं. "अरेरे. केवढासा जीव तो!"

ते तुम्हीच होतात; आता आठवत नाही म्हणू नका. कोलंबी तुम्ही दुसऱ्यांदा मागून घेतलीत. वाढायला मीच होते.