तांडेल सीडी प्लेअर घेतो

आमचा हरेश्वर तांडेल गाणं निम्मं झालं की उठतो, खुर्ची उलटी फिरवतो आणि उरलेलं गाणं भिंतीकडे तोंड करून ऐकतो. नवख्या माणसाला वाटतं, गाणं आवडलं नाही म्हणून पाठ फिरवली. तसं काही नाही. बोईसरच्या कारखान्यात बॉयलरवर नोकरी करता करता त्याचा उजवा कान गेला. घरात स्पीकर दोन आणि चालू कान एक, म्हणून निम्मं गाणं या स्पीकरचं आणि निम्मं त्या स्पीकरचं. मी एकदा म्हटलं, "अरे, एकच स्पीकर ठेव ना." तर म्हणाला, "दोगांना बरोबर आनलंय मी. एकावर अन्याव कशाला?"

मी त्याच कारखान्यात स्टोअरमध्ये होतो. माझं गाव चिपळूणकडचं. नोकरीपुरता आलो आणि बोईसरातच मुरलो. तांडेल जवळच्या घिवलीचा. वाडवडिलांची होडी होती, पण याला बोट लागायची. होडी किनाऱ्यापासून जरा लांब गेली की हा ओकायला वाकलेला. मच्छीमाराच्या घरात यापेक्षा मोठी नाचक्की नाही, म्हणून बापाने कारखान्यात चिकटवला, असं तो स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगतो.

तांडेलला कुठलीही गोष्ट पटकन पसंत पडत नाही. कलिंगड असो, छत्री असो, नाहीतर पंखा. वस्तू दोन्ही हातांनी उचलायची, वजन बघायचं, टिचकी मारायची, दुकानदाराकडे बघून गोड हसायचं आणि म्हणायचं, "वस्तू वाईट नाय, पन आपली नाय." कानाच्या डॉक्टरांनी त्याला यंत्र बसवून दिलं तेव्हा हा दवाखान्याच्या दारात उभा राहिला, एक रिक्षा, एक भांडण आणि एक कुत्रा असं सगळं नीट ऐकून घेतलं, यंत्र काढलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. वर तेच वाक्य. ते डॉक्टर भेटले की अजून मला विचारतात, तुमचे ते मित्र कसे आहेत?

असा माणूस गेल्या थंडीत सकाळी सकाळी माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सालवी, सीडी प्लेअर घ्यायचाय. चांगला पायजे आनि स्वस्त पायजे. चल." मला घाम फुटला.

मी त्याला समजावलं. म्हटलं, बाबा रे, सीडीचे दिवस गेले. हा बघ माझा मोबाईल. जगातलं वाटेल ते गाणं सांग, आत्ता लावतो.

"हिरा हाय काय तुज्या मोबाईलमदी?" तांडेलने विचारलं.

हिरा म्हणजे त्याची बायको, आमच्या हिरावहिनी. त्या धवलारीण होत्या. इकडे किनाऱ्यावर लग्नातला एकेक विधी धवल्यावर चालायचा. मांडव घालायचा, हळद लावायची, नवरीला पाटावर बसवायचं, तिची पाठवणी करायची, प्रत्येकाचं गाणं वेगळं. आणि ही गाणी म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी उशिरा आले तर लोक चहा पीत थांबत, पण धवलारीण आल्याशिवाय मांडवात पान हलत नसे. वहिनींचा आवाज असा खणखणीत, की कुणी माइक पुढे केला तर त्या तो बाजूला ठेवायच्या. कालवणात मीठ कमी आहे असं तांडेलने चुकून म्हटलंच, तर त्याला मिळालेलं उत्तर पलीकडच्या आळीला ऐकू जाई. "एक कान बॉयलरनं नेला," तो म्हणायचा, "दुसरा हिरानं ठेवला हे तिचे उपकार."

वहिनी गेल्या त्याला काही वर्षं झाली. आता गावात सगळे धवले येणारं कुणी उरलेलं नाही; लग्नात डीजे येतो आणि भिंती हलवून जातो. वहिनींचा आवाज राहिला होता तो एकाच सीडीवर. नात्यातल्या एका लग्नात कुणीतरी रेकॉर्ड करून दिलेली. आणि आता तांडेलच्या नातीचं, प्राचीचं लग्न ठरलं होतं. ती आजोबांच्या गळ्यात पडून म्हणाली होती, "मला पाटावर आजीनंच बसवायचं." तांडेलने शब्द देऊन टाकला. घरात अॅम्प्लिफायर ठणठणीत, कमरेएवढे स्पीकर ठणठणीत, फक्त सीडी प्लेअर मान टाकून बसलेला.

इतकं ऐकल्यावर कोण नाही म्हणेल? मी चप्पल घातली. पण त्याने पिशवीतून सीडी बाहेर काढली आणि माझा हात आपोआप नाकावर गेला. सीडीला सुक्या बोंबलाचा वास येत होता.

झालं होतं असं. प्लेअर बिघडल्यावर तांडेलच्या सुनेने, वैशालीने, घर आवरताना सगळ्या सीड्या काढल्या आणि बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडीवर दोऱ्याने टांगल्या. सीडी उन्हात चमकली की कावळे बोंबलांच्या जवळ येत नाहीत. अर्ध्या गावाने हेच केलंय. बिचारीला काय ठाऊक, त्यातल्या एकीत सासूबाई आहेत! तांडेलच्या लक्षात येईपर्यंत हिरावहिनी बोंबलांच्या वर गरगरा फिरत होत्या आणि बांबूला घासून सीडीवर चांगला लांब ओरखडा उठला होता. वैशाली ओक्साबोक्शी रडायला लागली, तर हाच तिला म्हणाला, "रडू नको गो. हिरा होती तवा पन कावले तिला भ्यायचेच."

पहिल्यांदा पालघरला गेलो. काचेचं दार, आत गारवा, आणि टाय लावलेला पोरसवदा विक्रेता. सीडी प्लेअर म्हटल्यावर त्याने आमच्याकडे, आम्ही घासलेटचा स्टोव्ह मागितल्यासारखं बघितलं. "काका, ब्लूटूथ स्पीकर घ्या. वॉटरप्रूफ आहे."

"पान्यात कशाला टाकू?"

"स्विमिंग पूलला नेता येतो ना, काका."

"आमच्याकडं समुद्र हाय," तांडेल गंभीरपणे म्हणाला.

शेवटी कोपऱ्यातून एक गुलाबी, लहान मुलांच्या डब्यासारखा प्लेअर निघाला. तांडेलने तो उचलला आणि लगेच खाली ठेवला. "फार हलका हाय. हिरानं आवाज लावला तर टेबलावरनं पडंल." मग गोड हसून ते ठरलेलं वाक्य बोलला आणि आम्ही बाहेर पडलो.

नंतर बोईसरात स्टेशनजवळ एक रिपेअरिंगवाला गाठला. उत्तरेकडचा माणूस, स्वभावाने चांगला. त्याने जुन्या डीव्हीडी प्लेअरमध्ये सीडी घातली. मशीनने जरा घरघर केली आणि सीडी बाहेर ढकलून दिली. त्याने ती नाकाजवळ नेली. "चाचा, इसमें गाना नहीं, मछली है।"

"मच्छी नही," तांडेल दुखावून म्हणाला, "मेरी बायको है."

दुकानदार थोडा मागे सरकला आणि सीडी त्याने दोन्ही हातांनी परत दिली.

मग कळलं की वसाहतीतले एक निवृत्त साहेब मुलाकडे पुण्याला चाललेत आणि घरची सगळी ऑडिओ सिस्टिम काढून टाकतायत. त्यांच्याकडे गेलो. जाड पडदे, चपला बाहेर, बोलायचं ते हळू. प्लेअर म्हणजे आरसाच! साहेब म्हणाले, किमतीचं बघू हो, कदर असलेल्या माणसाकडे गेला म्हणजे झालं. त्यांनी मऊ फडक्याने सीडी पुसली. वास त्यांनाही आला असणार, पण माणूस सभ्य, काही बोलले नाहीत.

आणि हिरावहिनी गायला लागल्या. काय सांगू! त्या खोलीत, समोर येऊन उभ्या राहिल्यासारख्या. ढोलकी नाही, पेटी नाही, नुसता तो आवाज. निम्म्यावर तांडेल उठला आणि त्याने खुर्ची फिरवली. साहेब दचकले. मी खुणेने सांगितलं, चालू द्या. मला भीती ओरखड्याची होती; पण त्या मशीनने ओरखड्याची जागा आली तशी अलगद ओलांडली आणि गाणं पुढे चालू. "बघा," साहेब म्हणाले, "मधली एक ओळ गेली, पण कळलंसुद्धा नाही."

तांडेल उठला. त्याने प्लेअरवरून हात फिरवला. साहेबांना नमस्कार केला. "वस्तू वाईट नाय," तो म्हणाला, आणि मी डोळे मिटून घेतले.

जिन्यातच मी त्याच्यावर तुटून पडलो. लग्न तोंडावर आलंय, असा सौदा जन्मात परत मिळणार नाही, तुला कलिंगड आणि सीडी प्लेअर यातला फरक कळतो का? तांडेल त्याचा बंद कान माझ्याकडे करून शांतपणे जिना उतरत होता.

शेवटी आम्ही औद्योगिक वसाहतीमागच्या भंगारवाल्याकडे पोहोचलो. तिथे पत्र्याच्या ढिगात एक जुना सीडी प्लेअर होता. काळा, धुळीने माखलेला आणि धोंड्यासारखा जड. सीडीचा कप्पा बोटाने आत ढकलावा लागायचा. भंगारवाल्याने आपल्या टेपला वायर जोडून दिली. वहिनी गायल्या. आवाज साहेबांकडच्यासारखा नव्हता, पण होता. ओरखडा आला तसं मशीन 'टक' करून गप्प झालं.

"झालं! अडकलं," मी म्हणालो.

तांडेलने हात वर केला. त्याचे ओठ जरासे हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतोय. जरा वेळाने मशीनने आपणहून घसा साफ केल्यासारखं केलं आणि वहिनी पुढे गायला लागल्या. तांडेलने गाणं परत लावायला सांगितलं. त्याच जागी परत टक. तो पुन्हा थांबला, पुन्हा ओठ हलवले, पुन्हा वहिनी सुरू झाल्या. मग त्याने त्या डबड्यावर टिचकी मारली. "हा घेतो."

"अरे, हा अडकतो!"

"आडकूदे."

उभ्या जन्मात या माणसाने पहिल्या फटक्यात पसंत केलेली वस्तू ही! रिक्षात मी रस्त्याकडे तोंड करून बसलो. म्हातारा झाला, डोकं चालेनासं झालं, असं मनाशी ठरवून मोकळा झालो. पण प्राचीला काय सांगायचं, याची जुळवाजुळव मी रिक्षातच सुरू केली.

लग्नाला घिवलीत अंगणभर मांडव घातला होता. मांडवाच्या दोन टोकांना तांडेलचे दोन स्पीकर आणि प्लेअरजवळ मी, कारण यंत्राची जबाबदारी माझ्यावर. तांडेल मात्र मांडवाबाहेर पुरुषांत जाऊन बसला होता. धवले हे बायकांचं काम. वहिनी गायच्या तेव्हाही तो त्यांना लग्नघरी पोहोचवून असाच बाहेर बसून राहायचा.

प्राची आली आणि पाटाशी उभी राहिली. धवलारीण नवरीला बोलावते ती ओळ म्हटली जाते आणि मगच नवरी पाटावर बसते. मी बटण दाबलं. हिरावहिनींचा आवाज मांडवभर झाला. डीजेची पोरं बोलता बोलता थांबली. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. एक धवला झाला, दुसरा झाला, आणि बोलावण्याची ओळ आली तशी टक.

प्राची उभीच. वैशालीने तोंडावर हात धरला. तिचा चेहरा बघवत नव्हता. मी मशीनला चापट मारायला हात उचलला.

तेवढ्यात बाहेरून तांडेल आत आला. बायकांच्या मधून वाट काढत पाटासमोर जाऊन उभा राहिला आणि ती गेलेली ओळ त्याने म्हटली. बेसूर, फाटका आवाज. पुरुषाला धवला म्हणताना तिथे कुणी ऐकलं नव्हतं. मागे एकदोन पोरी फिसकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. त्याने घाई केली नाही. शेवटचा शब्द हिरावहिनी लांबवायच्या तसा लांबवला. त्याची ओळ संपली आणि वहिनींनी पुढची उचलली.

प्राची पाटावर बसली. आजोबांचा हात तिने घट्ट धरून ठेवला होता.

जेवणं झाल्यावर मी त्याला मांडवाच्या खांबापाशी गाठलं. "तुला माहीत होतं ना, कुठे अडकणार ते?"

"घरी मासली साफ करताना म्हनायची ती," तांडेल म्हणाला. "मधीच इसरायची. हात भरलेले, तशीच थांबायची आनि माज्याकडं बगायची. मी ओल सांगितली की मंग फुडं जायची. लोकांना वाटायचं, सगलं हिला पाठ!" तो हसला. मग त्याने खांबाला पाठ लावली. "त्या सायबाच्या मशीनीत ती मला टाकून फुडं गेली रे, सालवी. ही थांबते."

वहिनी गेल्या तेव्हा हा माणूस रडला नव्हता. आम्ही सगळ्यांनी त्याच्या धीराचं कौतुक केलं होतं. आता तो खांबाला टेकून रडत होता आणि माझेही डोळे वाहत होते. ते पुसायचं मला सुचलं नाही.

वैशाली पाण्याचा तांब्या घेऊन आली. आमच्याकडे बघून ती जरा घुटमळली. "बाबा, सीडी काढून ठेवू का आता?"

"राहूदे गो," तांडेलने तोंडावरून हात फिरवला आणि टोपी सरळ केली. "पाठवनीचा धवला व्हायचाय अजून. तितं पन आडते ती."