प्रवेश विनामूल्य

"पाचच खुर्च्या मांडा," उर्मिला नवऱ्याला म्हणाली. "मागच्या वेळी तिघं आले होते. त्यातला एक एसी दुरुस्त करायला."

विलासरावांनी तरीही वीस मांडल्या. दुबईत अल क्वोजमधल्या रंगाच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते. आठ महिने खपून त्यांनी आजच्या भाषणासाठी टिपणं काढली होती. अडीचशे वर्षांपूर्वीचं जपानमधलं एदो शहर, तिथली नाटकं, नटांची छापील चित्रं, पाठीवर गठ्ठा घेऊन घरोघर पुस्तकं भाड्यानं देणारे लोक. मराठी मंडळाचे सचिव रामेश्वर यांनी मेसेज पाठवला होता : 'जपान - शहरात आलेल्या कामगारांचे जीवन. प्रवेश विनामूल्य.'

चार वाजता हॉलसमोर बस थांबली. लेबर कॅम्पातले साठएक जण भांग पाडून, इस्त्रीचे शर्ट घालून उतरले. खुर्च्या भरल्या, उरलेले खाली बसले. विलासरावांनी टिपणांची पानं पुन्हा एकदा नीट लावली.

"सगळ्यांच्या हातात फायली कशाला हो?" उर्मिला कुजबुजली.

"टिपणं घेतील. बघ तू."

त्यांनी सुरुवात केली. "एदोत पुरुषच जास्त. खेड्यांतून कामाला आलेले, एकटे. लहानशा खोलीत तीन-चार जण राहायचे."

"आमी आठ हाव," पुढे बसलेला महादू म्हणाला. तो बीडकडचा, इमारतींवर परांच्या बांधणारा. "मंजी बरं हाय. जेवण कंपनीचं?"

"नाही, रस्त्यावर शेवयांच्या गाड्या असायच्या!" इतका रस कुणी घेतला नव्हता. विलासराव रंगात आले.

"अन् व्हिसा कधी व्हतोय?"

"कसला व्हिसा?"

महादूनं मोबाइल पुढे धरला. "जपान, प्रवेश विनामूल्य. तुमीच लिवलंय ना? हितला एजंट चार हजार दिरम मागतो, मंजी लाख रुपये. आमच्या साइटचं काम खलास झालंय सायेब. म्हयन्याभरात गावाकडं धाडत्यात."

विलासरावांनी मेसेज दोनदा वाचला. "तो प्रवेश... या हॉलमधला आहे."

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. साठ फायली मिटल्याचा आवाज मात्र आला. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं आणि बस सहाला परत येणार होती. त्यामुळे कुणी उठलंही नाही.

"चालू द्या," महादू म्हणाला.

विलासरावांनी उरलेली चौदा पानं खाली मान घालून वाचली. नाटकातल्या गमतीच्या जागीही कुणी हसलं नाही. शेवटी रिवाज म्हणून त्यांनी विचारलं, "काही शंका?"

"ती मान्सं गावी परत गेली का?" महादूनं विचारलं.

विलासरावांना खोटं बोलता आलं नाही. "काही गेली. शहरात आगी फार लागायच्या, साथी यायच्या. बरीचशी तिथंच..."

"असं व्हय." महादू उठला आणि कुणी न सांगता खुर्च्या एकावर एक रचू लागला. बाकीचेही लागले. पाच मिनिटांत सगळ्या खुर्च्या भिंतीला लागल्या.

दारापाशी उभं राहून सगळं ऐकलेले रामेश्वर धावतच आले. "विक्रमी उपस्थिती, विलासराव! पुढच्या महिन्यात कॅनडावर बोला."

"मला कॅनडातलं काहीच माहीत नाही हो."

"मग काय झालं? यांना तरी कुठं जपानचं ऐकायचं होतं?"